शून्य जळजळ

"माणसाला निसर्गाने दिलेला पहिला वैद्य म्हणजे स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा." हे वाक्य मी माइकवरून पुरेशा गांभीर्याने म्हणालो. समोर ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राच्या हॉलमध्ये चाळीस मधुमेही बसले होते आणि त्यांतले निदान तीस जण जिलबी खात होते.

जिलबी मी मागवली नव्हती. केंद्राच्या कार्यकारिणीचं म्हणणं असं पडलं की शुभारंभ म्हटला की तोंड गोड झालं पाहिजे. मी अभ्यासाच्या विषयाची आठवण करून दिली तेव्हा, एका जिलबीने काय होतंय, असं मला सांगण्यात आलं. दुसऱ्या जिलबीबद्दल कुणी काही बोललं नाही.

ही चौदा वर्षांपूर्वीची सांगलीतली गोष्ट. मी एका फार्मसी कॉलेजात शिकवत होतो. वय एक्केचाळीस, हुद्दा हंगामी अधिव्याख्याता. पीएचडीच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती आणि वर मिळालेली मुदतवाढ एकतीस मार्चला संपणार होती. त्यानंतर विद्यापीठ माझं नाव कापणार आणि कॉलेज मला नारळ देणार, हे दोन्हीकडून लेखी आलेलं होतं. बायकोने ती दोन पत्रं फ्रिजच्या दारावर लावून ठेवली होती, म्हणजे दूध काढतानाही माझ्या लक्षात राहावं.

माझा विषय साधा होता. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बिघडतात. तळपाय जळतात, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं. त्यावर हळदीतलं कर्क्युमिन आणि ते अंगी लागावं म्हणून मिऱ्यातलं पायपरीन, असा पूरक उपचार केला तर काही फरक पडतो का, एवढंच मला बघायचं होतं. 'पूरक' हा शब्द मी प्रत्येक भाषणात चारदा उच्चारायचो आणि तो एकदाही कुणाला ऐकू जायचा नाही. मी म्हणायचो, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, ही कॅप्सूल त्यावर जादा. लोक घरी जाऊन सांगायचे, हळदीनं साखर जाते, कॉलेजातल्या सरांनी सांगितलंय. सांगली हे हळदीच्या बाजाराचं गाव. इथे हळदीने काय काय होत नाही याची यादी करायला बसलात तर कागद कोरा राहतो.

अभ्यासाची रीत अशी, की वीस जणांना खरी कॅप्सूल आणि वीस जणांना खोटी. खोटीत तांदळाचं पीठ, त्याला पिवळा रंग. कुणाला कुठली मिळाली हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. ती यादी माझ्या मार्गदर्शक डॉ. कारखानीस मॅडम यांच्या कपाटात, बंद पाकिटात. नुसत्या विश्वासानेही माणसाला बरं वाटतं, तेवढं वजा करावं लागतं, म्हणून ही लपवाछपवी. दर महिन्याला प्रत्येकाने आपापली नंबर घातलेली बाटली आणायची, मी उरलेल्या कॅप्सूल मोजायच्या आणि विचारायचं, जळजळ शून्य ते दहामध्ये किती? मग नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला दहा ठिकाणी टेकवून बघायचं, डोळे मिटून कळतंय का. कळलं की कागदावर बरोबरची खूण.

या धाग्याने पहिल्याच दिवशी घोळ घातला. पहिल्या ओळीत अनसूया लोहार बसल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या कन्याशाळेत एकतीस वर्षं शिपाई होत्या. शाळेची घंटा त्यांच्या हातात होती आणि हेडमास्तरीण बाईंनी सांगूनसुद्धा त्यांनी ती कधी एक मिनिट आधी दिली नाही, अशी त्यांची ख्याती. मी धागा घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो, तशा त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"न्हाई सर. शिक्षकानं माझ्या पायाला हात लावायचा? मी कुटं फेडू हे?"

मी समजावलं. मागच्या रांगेतून दोघातिघांनी अक्कांची बाजू घेतली. सरांना असं खाली बसवणं बरं दिसत नाही, ते काही न्हावी आहेत का, अशी कुजबुज झाली. मग भूपालअण्णा मगदूम उठले. हे केंद्राचे अध्यक्ष; जन्मभर हळदीची अडत केलेले. त्यांनी मला हाताला धरून उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, विचारून घ्या की. आमी काय खोटं सांगणार?"

मी विचारून घेतलं. टाचेला कळतं का? कळतं. अंगठ्याला? कळतं की. चाळीस माणसं, दहा दहा जागा, चारशे खुणा मी तासाभरात केल्या. धागा खिशातच राहिला. पुढच्या महिन्यातही तो खिशातच होता, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मी तो घरीच विसरलो.

बाकी मात्र सगळं फारच चांगलं चाललं होतं. जळजळ उतरत होती. सातची पाच, पाचची तीन. मी रोज कॉलेजातून आल्यावर आलेख काढायचो. रेषा अशी देखणी उतरत होती की बायकोने ती दोन पत्रं फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी चौथ्यांदा बाटल्या मोजायला गेलो. पहिल्या बाटलीत आठ कॅप्सूल उरल्या होत्या. दुसरीत आठ. तिसरीतही आठ. दहावी बाटली मोजेपर्यंत मी खूश होतो, की लोक किती शिस्तीने घेतायत. मग गणी मुजावरांची बाटली हातात आली. मुजावर हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि केंद्राचे सचिव. ते मधे अकरा दिवस अजमेरला जाऊन आले होते आणि बाटली इथेच विसरले होते, हे त्यांनीच मला सांगितलेलं. त्यांच्याही बाटलीत आठच.

मी मुजावरांकडे बघितलं. मुजावरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पंख्याकडे बघितलं.

"सांगून टाका आता," मुजावर म्हणाले.

अण्णांनी सांगितलं ते असं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कॅप्सूल फोडून तळहातावर घेतली. चोळली, हुंगली, जिभेला लावली. चाळीस वर्षं त्यांनी बाजारात हळकुंड मोडून त्याच्या वासावरून ते कुठल्या गावचं हे सांगितलेलं. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं की हे तांदळाचं पीठ आहे. झोप लागेना. लोकांच्या मालातली भेसळ पकडण्यात हयात गेली आणि उतारवयात आपल्याच हातात भेसळीचा माल यावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुजावरांची फोडली, तर ती अस्सल, तीही चढ्या भावाची. मग त्यांनी केंद्रात बसून सगळ्यांच्या बाटल्या तपासल्या आणि बाजारात लावतात तशा दोन रांगा लावल्या. एकोणीस इकडे, वीस तिकडे.

"आता तुमीच सांगा मास्तर. एकाच केंद्रातली माणसं. निम्म्यांना औषध आन निम्म्यांना पीठ. हे बरं दिसतंय?"

म्हणून कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. सगळ्या कॅप्सूल जिलबीच्या पातेल्यात ओतून, ढवळून, सगळ्यांना सारख्या वाटाव्यात असा ठराव आला. मुजावरांनी इतिवृत्ताची वही आणून दाखवली. सूचक होते, अनुमोदक होते, ठराव एकमताने मंजूर होता, खाली अण्णांची सही होती. आणि वाटणी दर महिन्याला होत होती, मी मोजायला यायच्या आदल्या दिवशी उरलेल्यांचीसुद्धा. माझ्या आयुष्यातली सहा वर्षं जिथे बुडाली त्या जागेचा एवढा व्यवस्थित पुरावा मला पुन्हा कुठे मिळाला नसता.

मी खुर्चीवर बसलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. मी म्हणालो की ठीक आहे, सगळं मिसळलं तर मिसळलं, निदान जळजळ तरी उतरली. पाय तर बरे झाले.

यावर अण्णांनी मुजावरांना कोपराने ढोसलं.

"त्याची तुमी काळजी करू नका," मुजावर मायेने म्हणाले. "त्ये आमी धरून चाललोय."

"काय धरून चाललाय?"

मुजावरांनी शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर नावांची यादी होती आणि प्रत्येकापुढे महिनावार आकडे. त्यांच्या कंडक्टरी अक्षरात, खाडाखोड न करता. माझी एकतीस मार्चची भानगड केंद्रात पहिल्या दिवसापासून माहीत होती. पोरगा गरीब आहे, शिकवतो चांगलं, त्याचं अडता कामा नये, यावरही एकमत झालं होतं. फक्त त्याचा ठराव लिहिला नव्हता. दर महिन्याला प्रत्येकाने थोडं थोडं उतरायचं. एकदम उतरलं तर वरच्यांना शंका येईल, म्हणून काहींनी दोनने, काहींनी एकने. कांबळे गुरुजींना एक महिना वाढवून सांगायला लावलं होतं, म्हणजे खरं वाटावं.

"पुढच्या खेपंला कितीवर आणायचं?" मुजावरांनी पेन काढलं. "दोन चालंल? का दीड लिवायची सोय हाय?"

"आणि पाय?" मी विचारलं. "खरे पाय?"

अण्णा हसले. "पाय जळत्यातच की. ते काय आज जळत्यात? तुमची नोकरी तरी राहू द्या."

मला ओरडायचं होतं. ओरडायला समोर कुणीतरी वाईट माणूस असावा लागतो. इथे एकोणचाळीस म्हातारी माणसं माझ्याकडे, पेपर अवघड गेलेल्या मुलाकडे बघावं तशी बघत होती. एकोणचाळीस हा आकडा मनात आला तेव्हा मी भानावर आलो. अण्णांनी मघाशी रांगाही एकोणीस आणि वीसच्याच सांगितल्या होत्या. चाळिसावं कोण?

"अनसूया," अण्णा जरा नाराजीने म्हणाले. "तिनं बाटली दिली न्हाई. म्हणाली, सरांनी नंबर टाकून दिलीया, नंबर बदलायचा न्हाई. फोडूनसुदिक बघू दिली न्हाई."

"आणि आकडे?"

"ते पण तिचं तीच सांगती. लई हट्टी बाई."

मी कागद चाळले. अनसूया लोहार, बाटली क्रमांक सव्वीस. पहिल्या महिन्यात आठ, मग पाच, मग दोन. आज त्या आल्या नव्हत्या. एकोणचाळीस खोट्या रेषांमध्ये एक खरी रेषा होती, आणि सगळ्यांत देखणी तीच होती. एका रुग्णावर पीएचडी मिळत नाही हे मला माहीत होतं. पण एका रुग्णावर एक छोटा निबंध छापून येतो, आणि छापलेला निबंध दाखवून मुदतवाढ मागता येते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी ती काडी स्कूटरला किक मारायच्या आतच तीन पानांची केली होती. अण्णा अपराध्यासारखे मागच्या सीटवर येऊन बसले. नको म्हटलं तरी उतरेनात.

अक्का खणभागात राहायच्या. दोन खोल्या, पुढे फरशीचा ओटा. त्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या; मधुमेह्याने घरातही अनवाणी राहू नये म्हणून पायांत चप्पल होती. दोन दिवस जरा कणकण होती म्हणून आले नाही, असं म्हणाल्या आणि उठून आत जाऊन बाटली घेऊन आल्या. मी उभ्या उभ्याच मोजली. त्यांच्या बाटलीत चारच उरल्या होत्या. नियमाने चारच उरायला हव्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"अक्का, खरं सांगायचं. माझ्यासाठी म्हणून नाही. जळजळ किती?"

"शून्य."

"एकदम शून्य?"

"खोटं कशाला बोलू सर? आदी वला टावेल गुंडाळून झोपायची. आता इंगळावर पाय पडला तरी कळायचं न्हाई."

मी कागद ओट्यावर ठेवून शून्य लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'अत्यंत समाधानकारक' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग सवयीने दहाही खुणा केल्या. टाच, अंगठा, चवडा. अक्का म्हणाल्या, कळतं, कळतं.

अण्णा ओट्याच्या खाली उभे होते. त्यांनी मान वर केली आणि दोनदा श्वास ओढला.

"मास्तर, वास येतोय."

मी म्हटलं, शेंगांचा असेल. अक्का म्हणाल्या, पलीकडं गटार हाय.

"गटाराचा न्हवं. पोत्यात पाणी शिरून माल आतनं नासला की येतो, तो." अण्णा ओट्यावर चढले. पुन्हा हुंगलं, आणि या वेळी खाली बघितलं. "अनसूया, चप्पल काढ."

"सरांच्या म्होरं?"

"काढ म्हन्तो न्हवं."

अक्कांनी दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. मी गुडघ्यावर बसलो. त्या नको नको म्हणत होत्या, खरोखर शरमल्या होत्या, माझा हात ढकलत होत्या. मी पाय धरून उजवी चप्पल ओढली. ती सहज सुटली नाही. चपलेच्या टाचेकडून नव्हे, पुढून, करंगळीच्या बाजूने एक खिळा वर आला होता, आणि तो त्यांच्या तळपायात होता. किती दिवस होता कोण जाणे. करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट त्या वाटेवर होतं.

अक्का वाकून माझ्या हातातल्या चपलेकडे बघत होत्या. पायाकडे नाही.

"ह्यो खिळा कवा आला?" त्यांनी विचारलं.

रिक्षा करून आम्ही अक्कांना मिरजेला नेलं. तिथल्या सर्जनने पाय बघितला आणि माझ्याकडची कागदपत्रं मागितली. मी दिली. त्याने चौथ्या महिन्याच्या पानावरच्या दहा खुणा बघितल्या, मग पाय बघितला, मग पुन्हा खुणा बघितल्या.

"धागा लावून तपासलंत ना?"

"विचारून घेतलं," मी म्हणालो.

तो माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान असेल. त्याने आवाज चढवला नाही. "सर, जळतंय म्हणजे नस अजून ओरडतेय. ओरडायची थांबली म्हणजे दर वेळी बरी झाली असं नसतं. ती मेलेलीही असते."

हे मला माहीत होतं. मी हे तिसऱ्या वर्षाला शिकवत होतो. परीक्षेत दोन मार्कांना येतं, आणि मुलं सहसा बरोबर लिहितात.

करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. बाकीचा पाय वाचला. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो तेव्हा अण्णा आणि मुजावर आधीच येऊन बसले होते आणि मोसंबी कुणी सोलायची यावरून त्यांचं वाजलं होतं. मला बघताच अक्का पाय झाकायला लागल्या. मग आता झाकून काय, असं वाटून असेल, त्यांनी चादर सोडून दिली.

"माजं असं झालं म्हणून तुमचं काय आडणार न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, नाही.

"शून्य लिवलंय न्हवं कागदावर?"

"लिहिलंय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "माजं काय खोटं न्हवतं."

मुजावरांनी मोसंबी सोलायला घेतली.

पुढच्या सोमवारी मी कारखानीस मॅडमकडे गेलो आणि पातेल्यापासून चपलेपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की हे मला सांगितलं नसतंत तर एकोणचाळीस रुग्णांचे आकडे उत्तम होते. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, अजूनही तुम्ही हे मला सांगितलेलं नाही असं धरून चालता येईल. मी म्हणालो, केंद्राच्या इतिवृत्तात ठराव आहे. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि कपाटातलं पाकीट काढून फोडलं. क्रमांक सव्वीस तांदळाच्या पिठाच्या यादीत होता.

"म्हणजे खोट्या औषधाच्या गटात शून्य," त्या म्हणाल्या. "तसंही ते तुमच्या विरुद्धच गेलं असतं."

अभ्यास बंद करायचा तर त्याचा एक फॉर्म असतो. त्यात कारणांचे चार चौकोन होते: औषधाचे दुष्परिणाम, रुग्णांची गळती, निधीचा अभाव, इतर. मॅडमचं मत पडलं की निधीचा अभाव बरा, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मी घरी येऊन 'इतर'वर खूण केली. त्यापुढे कारण लिहायला जेमतेम एक ओळ सोडलेली होती. मी आधी बरंच काही लिहायचं ठरवलं होतं. शेवटी लिहिलं, 'संशोधकाने पाय तपासले नाहीत.' सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर पोस्टाने अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीकडे पाठवून दिला.

तो दोन एप्रिलला, माझी मुदत संपल्यावर दोन दिवसांनी, परत आला. जोडपत्र तीनवर एक सही राहिली होती.